पोलेंताच्या पोटावरची फीत

मित्रांनो, मी एक फीत. सुती, दोन बोटं रुंद, बरोबर दीड वार लांब. जुनी म्हणजे इतकी जुनी की माझा लाल रंग आता विटकरी झालाय आणि एका टोकाला तीन वेळा शिवण मारलेली आहे. फितीला काय सांगण्यासारखं असणार, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण माझ्यामुळे एकदा एक जीव जाता जाता राहिला. ते काही केल्या माझ्या मनातून जात नाही, म्हणून सांगते.

माझा जन्म ब्यूनोस आयरेसच्या एका गिरणीत झाला. तिथला खडखडाट आठवतो आणि रंगाच्या हौदाचा वास आठवतो, बाकी सगळं विसरले. मग रिळाला गुंडाळून बोटीनं मला पाराना नदीकाठच्या आमच्या या गावी आणलं आणि सुया-बटणांच्या दुकानात मांडलं. माझ्याच रिळावरच्या बहिणी कुणाच्या वेणीत गेल्या, कुणी टोपीवर बसली. मला मात्र दोन्या पेत्रोना, म्हणजे पेत्रोनाबाई, नावाच्या म्हातारीनं घेतलं. तिनं मला कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत असं तीन हात मोजून कापलं, देवळातल्या पाण्याचे चार थेंब शिंपडले, आणि मी औषधाची फीत झाले.

आमच्याकडे मूल पोट धरून रडायला लागलं, जेवेनासं झालं, की आया म्हणतात, याला एम्पाचो झाला. म्हणजे खाल्लेलं पोटात कुठेतरी चिकटून बसलं. मग त्याला फीतवालीकडे नेतात. माझं एक टोक मूल आपल्या पोटाच्या खळगीवर धरतं. दुसरं टोक फीतवालीच्या हातात. ती माझ्यावर कोपर टेकवत टेकवत तीन हात मोजत मुलाकडे सरकते आणि मनातल्या मनात शब्द म्हणते. ते शब्द फक्त नाताळच्या आदल्या रात्रीच शिकवता येतात, एरवी कुणी तोंडातून काढायचे नाहीत. तिसऱ्या वेळी बोटं खळगीवर आली तर पोट ठीक. छातीवर गेली तर एम्पाचो. गळ्यापर्यंत गेली तर जबर एम्पाचो. मग चमचाभर तेल पाजायचं, लंघन करायचं आणि तीन दिवस माप घ्यायचं. तीन म्हणजे तीन, एक कमी नाही. रोज माप थोडं थोडं खाली उतरतं आणि तिसऱ्या दिवशी मूल भाकरी मागतं.

पेत्रोनानं मरायच्या आधी हे शब्द आणि ही फीत, दोन्ही एर्मेलिंदा नावाच्या बाईच्या हवाली केलं. चाळीस वर्षं मी तिच्या स्वयंपाकघरात खुंटीवर होते. काय माझा थाट होता. लोक अंडी आणायचे, मुरंबा आणायचे, एकानं तर जिवंत कोंबडी आणली होती. पाववाल्या श्चिंफची मुलगी गिसेला दर वाढदिवसाला अर्धा केक एकटी खायची आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात हजर. पोरं बरी झाली की आया माझ्याकडे बघून छातीवर क्रूस काढायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून माहीत होती. मी कधी आखडले नाही आणि कधी लांबले नाही. दीड वार म्हणजे दीड वार. कोपर सरकतं, हात सरकतो, कधी मूलच अंग चोरतं. पोरं बरी होत होती, कारण एक दिवस उपाशी ठेवलं आणि कुणीतरी मायेनं पोटावर हात ठेवला की बरीच पोरं आपली आपणच बरी होतात. हे सांगायला मला तोंड नव्हतं, आणि असतं तरी सांगितलं असतं की नाही, देव जाणे.

आमच्या समोरच्या घरात ओस्वाल्दो ब्रांबिया राहतो. आयुष्यभर एसटीसारखी लांब पल्ल्याची बस चालवली, आता घरीच असतो. त्याची बायको ओलिंदा ही गोष्ट घडली त्या वर्षी एप्रिलमध्ये वारली. तिचा एक बोका होता, मक्याच्या पिवळ्या घाट्यासारखा रंग म्हणून नाव पोलेंता. ओलिंदा खाटकाकडून फुप्फुसाचे तुकडे आणून उकडायची आणि रश्शासकट त्याला द्यायची. ती गेल्यावर ओस्वाल्दोनं सगळं सोपं करून टाकलं. तिचे कपडे चर्चला दिले, तिची वेताची खुर्ची एर्मेलिंदाला दिली, आणि बोक्यापुढे पोत्यातलं कोरडं खडखडीत खाणं ओतायला लागला. पोलेंता खिडकीत बसून फुगत गेला. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन थंडी. थंडीत त्यानं पाण्याला तोंड लावणं जवळजवळ सोडलं होतं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका सोमवारी, दिवेलागणीच्या सुमारास, ओस्वाल्दो बटाट्याच्या खोक्यात बोका घालून आला.

"दोन्या एर्मे, आहात का? याचं पोट अडलंय हो."

"काय करतो?"

"सकाळपासून वाळूच्या पेटीत जाऊन बसतो, कुंथतो, काही होत नाही. मघाशी तर हात धुवायच्या बेसिनमध्ये जाऊन बसला. सारखं खाली चाटतो."

"खायला काय घातलं होतंस?"

"काल भाचीनं भाजलेलं मांस पाठवलं, त्यातली चरबी दिली थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"मागितली तेवढी."

"झालं तर मग," एर्मेलिंदा म्हणाली. "तुझ्यासारखाच हावरट आहे तो. बस त्या खुर्चीत."

ओस्वाल्दो बोक्याला मांडीवर घेऊन वेताच्या खुर्चीत बसला. पोलेंतानं खुर्चीच्या हाताला नाक लावलं आणि तिथून काढीचना. ओस्वाल्दोनं माझं टोक त्याच्या पोटावर धरलं. एर्मेलिंदानं मोजलं. तिसरा हात बोक्याच्या कानावर पडला.

"कानापर्यंत आलाय," ती म्हणाली. "इतका एम्पाचो मी माणसात पाहिला नाही."

मित्रांनो, मी त्या पोटावर टेकलेली होते. हजारभर पोटांवर टेकलेली फीत आहे मी. जठर कुठे असतं हे मला कळतं. हे वर नव्हतं, खाली होतं, मागच्या पायांजवळ. हिरव्या लिंबासारखं गोल आणि टणक काहीतरी. पोटात खाणं अडलं तर असं लागत नाही. माझ्या धाग्याधाग्यातून भीती गेली. पण फीत काय करणार?

एर्मेलिंदानं त्याला चमचाभर तेल पाजलं. मग रीतीप्रमाणे पोट चोळायला हात खाली नेला, तर पोलेंता असा ओरडला की तिनं हात झटकन मागे घेतला.

"दुखतंय त्याला. चोळणं राहू दे आज. खायला घालू नकोस. उद्या सकाळी आण, परवा आण. तीन दिवसांत मोकळा होईल."

"तीन दिवसांत नक्की?"

"चाळीस वर्षं झाली मला," ती म्हणाली.

तो "देव तुमचं भलं करो" म्हणून गेला. मी खुंटीवर लटकत राहिले आणि एकच विचार करत राहिले, की त्या लिंबाला तीन दिवस माहीत आहेत का?

सकाळी ओस्वाल्दो हसतच आला. "रात्री शांत होता हो. एकदाही रडला नाही. पेटीकडेसुद्धा गेला नाही."

पोलेंता खोक्यात चपटा पडला होता. डोळे अर्धे मिटलेले. मला त्याच्या पोटावर लावलं. एर्मेलिंदानं कोपर टेकवलं, एक हात, दोन हात, तीन हात. तिची बोटं अगदी बरोबर खळगीवर आली. इतकं नेमकं माप माझ्या आठवणीत क्वचित आलं असेल.

"उतरला की हो," ओस्वाल्दो म्हणाला. "पहिल्याच दिवसात. मी उगाच घाबरलो होतो."

एर्मेलिंदानं माझ्याकडे पाहिलं, मग बोक्याकडे पाहिलं. ओस्वाल्दोच्या बाहीवर पिवळ्या फेसाचा डाग होता, बोका वाटेत ओकला होता. तिनं त्याचे कान चाचपले. गार होते. मग अगदी हलक्या हातानं, अंड्याला लावतात तसा, तिनं त्याच्या ओटीपोटाला हात लावला, आणि तिथेच ठेवला.

"ओस्वाल्दो, यानं शू कधी केली?"

"शू?" तो गोंधळला. "पेटीत जात होता ना काल दिवसभर."

"जात होता. करत होता का?"

ओस्वाल्दो आठवायला लागला. त्याचं हसू हळूहळू गेलं. "रविवारी वाळू ओली होती. काल सकाळी चाळली, आणि रात्री चाळली, तेव्हा कोरडी होती. मला वाटलं, बरं झालं, आज साफ करायला नको."

"चल, ऊठ."

"कुठे? अजून तिसरा दिवस—"

"तिसरा दिवस याच्या नशिबात नाही. ऊठ म्हणते ना."

"पण माप बरोबर आलंय. तुम्हीच आत्ता—"

"माप गेलं चुलीत," एर्मेलिंदा म्हणाली आणि मला चुरगळून एप्रनच्या खिशात कोंबलं.

मला राग आला नाही. मला जन्मात पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी मनात आलं, की आता उशीर झाला असेल तर?

गावात जनावरांची डॉक्टर एकच, आणि ती म्हणजे पाववाल्याची गिसेला. केक खाणारी. तिनं पोलेंताच्या पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला.

"कधीपासून?"

ओस्वाल्दो तोंड उघडणार, तोच एर्मेलिंदा म्हणाली, "काल सकाळपासून. संध्याकाळी माझ्याकडे आणला. मी एम्पाचो मापला, तेल पाजलं, उद्या ये म्हटलं. रात्री शांत होता, म्हणून आज पुन्हा मापलं. चूक माझी आहे, याची नाही."

"पोट चोळलंत?"

"हात लावला. ओरडला, म्हणून सोडलं."

"सोडलंत म्हणून हा इथवर पोचला. चोळलं असतं तर शूची पिशवी फुटली असती." तिनं मदतनिसाला हाक मारली. "बोक्याची शूची नळी फार बारीक असते, दोन्या. आत बारीक रेतीसारखे खडे होतात, नळीत बूच बसतं. शू बाहेर पडत नाही आणि तिचं विष रक्तात चढतं. रात्री शांत होता म्हणालात ना? तो शांत नव्हता. त्याच्यात रडायचं त्राण उरलं नव्हतं."

दार बंद झालं. ते दोघं बाहेर बाकावर बसले. त्या बाकावरची दोन तासांची वेळ मी कधी विसरणार नाही. एर्मेलिंदाचा हात खिशात होता आणि ती मला पिळत होती, सोडत होती, पुन्हा पिळत होती. धागा तुटेल अशी पिळत होती. तुटला असता तरी मी चकार शब्द काढला नसता.

बऱ्याच वेळानं ओस्वाल्दो म्हणाला, "ओलिंदानं शेवटी काय सांगितलं ठाऊक आहे? घर सांभाळ नाही म्हणाली, तब्येत सांभाळ नाही म्हणाली. म्हणाली, पोलेंताला सांभाळ. तीन महिने नाही झाले अजून."

एर्मेलिंदानं मला पुन्हा पिळलं.

"तुम्ही तीन दिवस म्हणालात."

"हो."

"मी तुमच्या शब्दावर घरी गेलो. रात्री झोपलो निवांत."

"हो," ती म्हणाली. "तू झोपलास. मला झोप यायला नको होती, पण मीही झोपले."

तो बाकाच्या त्या टोकाला सरकून बसला. चाळीस वर्षांचा शेजार, पण मधे एक माणूस सहज बसेल एवढी जागा झाली.

गिसेला बाहेर आली तेव्हा तिच्या बाहीला रक्त होतं. "बूच निघालं. नळी घातलीय, शू वाहतेय. पण आनंद करू नका अजून. दोन दिवस सलाइन, तीन दिवस नळी. रक्तातलं विष उतरायला हवं. मग बघू." तेवढ्यात तिला एप्रनच्या खिशातून लोंबणारं माझं टोक दिसलं. "ही तीच का?"

"तीच."

"मला कितीदा मापलंय हिनं."

"तुला खरंच अजीर्ण व्हायचं, पोरी. खादाड होतीस."

गिसेला किंचित हसली, मग गंभीर झाली. "पोरांचं तुम्ही आणि त्यांच्या आया बघून घ्या. पण बोका वाळूत जाऊन कोरडाच परत आला, तर ही फीत काढायची नाही. दिवस मोजायचे नाहीत. त्याच पावली इकडे आणायचं."

"नाही काढणार," एर्मेलिंदा म्हणाली.

बुधवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, पोलेंतानं डोकं उचललं. शुक्रवारी नळी काढली. काढल्यावर तो आपण होऊन शू करतो की नाही, यासाठी गिसेलानं त्याला आणखी एक दिवस ठेवून घेतला. केली. शनिवारी ओस्वाल्दो त्याला आणायला गेला. एर्मेलिंदाही गेली, न बोलावता. ती तो एप्रन घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, म्हणून मीही होते.

"आता नीट ऐका," गिसेला म्हणाली. "कोरडं खाणं बंद. हे डब्यातलं ओलं खाणं, खडे होणाऱ्या बोक्यांसाठी असतं. मी पुरे म्हणेपर्यंत हेच. वर तुमची चरबी नाही, सॉसेज नाही, दूध नाही. घरचं उकडलेलं काही द्यायचं असेल तर आधी मला विचारायचं. खाण्यात दोन चमचे कोमट पाणी कालवायचं. पिण्याचं पाणी खाण्याजवळ ठेवू नका, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. वाळू दिवसातून दोनदा बघायची. ओले गोळे मोजायचे. आणि खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन, मांजर उपाशी राहिलेलं चालत नाही."

"बरं."

"आणखी एक. घरात अलीकडे काय बदललं?"

"काही नाही," ओस्वाल्दो म्हणाला.

"काहीच नाही?"

"बायको गेली." तो खाली बघत होता. "आणि तिच्या वस्तू मी देऊन टाकल्या. बघवत नव्हत्या."

"मांजराला त्याच्या जागा लागतात, सेन्योर ओस्वाल्दो. घाबरलं, हिरमुसलं की त्याचं दुखणं पुन्हा डोकं काढतं. जमेल तेवढं पूर्वीसारखं करा."

घरी आल्यावर पोलेंतानं डब्यातलं खाणं हुंगलं आणि वाळूत घाण पुरतात तसा बशीभोवती पंजा ओढून निघून गेला. संध्याकाळीही तेच. ओस्वाल्दोनं आमच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही, पण खिडकीतून तो दिसत होता, बशी उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. एर्मेलिंदा पडद्याआडून बघत होती. मग तिनं वेताची खुर्ची उचलली, पाठीवर उलटी घेतली आणि रस्ता ओलांडला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. समोरून सायकलवाला आला तर त्यालाच थांबावं लागलं.

"ही घे."

"ती तुम्हाला दिली होती मी," ओस्वाल्दो दारातूनच म्हणाला.

"मला बसायला स्टूल आहे. सोमवारी यानं नाक या खुर्चीला लावलं होतं, तुला आठवत नसेल. बाजूला हो."

खुर्ची खिडकीपाशी जुन्या जागी ठेवली. पोलेंता लांबून बघत राहिला. मग उडी मारायला गेला, पाय घसरले. ओस्वाल्दो पुढे झाला, एर्मेलिंदानं त्याचा हात धरला. दुसऱ्या खेपेला जमलं. बोक्यानं वेताला गाल घासला, एकदा, दोनदा, गोल फिरला आणि अंगाचं वेटोळं केलं. तोवर एर्मेलिंदानं बशी गरम पाण्यात बसवून खाणं कोमट केलं होतं. तिनं बोटावर थोडं घेऊन त्याच्या नाकापुढे धरलं. त्यानं वाट बघायला लावली. मग चाटलं.

"खातोय," ओस्वाल्दो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पाण्याचीही एक कथाच झाली. चार ठिकाणी चार भांडी ठेवली, पठ्ठ्या एकाला शिवेना. शेवटी ओलिंदाच्या केकच्या पसरट साच्यात पाणी ठेवलं, तर लपालपा प्यायला. ओस्वाल्दो रोज वाळू चाळायचा आणि रस्त्यापलीकडून नुसती बोटं दाखवायचा. दोन बोटं म्हणजे दोन गोळे. तीन म्हणजे तीन. त्या दोघांचं बोलणं एवढंच. एर्मेलिंदा मान हलवायची आणि खिशात मला हलकेच दाबायची.

नवव्या दिवशी ओस्वाल्दो बाहेरच आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मग तो आला, पायात नुसते मोजे, ओठ पांढरे पडलेले.

"कोरडी आहे. काल रात्रीपासून कोरडी. दोन्या, पुन्हा झालं."

एर्मेलिंदा धावलीच म्हणा ना. पोलेंता खुर्चीत बसून पंजा चाटत होता. तिनं ओटीपोटाला हात लावला. मऊ. पुन्हा लावला. मऊच होतं. "हा रिकामा आहे," ती म्हणाली. "कुठेतरी केलीय यानं. शोध."

दोघं शोधायला लागले. पलंगाखाली, बेसिनमध्ये, कोळशाच्या बादलीत. शेवटी कपाटाजवळ ओस्वाल्दो थबकला. त्याचे काळे बूट होते तिथे, लग्नाकार्याचे, ओलिंदाच्या मातीला गेला होता तेच. त्यानं उजवा बूट उचलला, वाकडा केला, आणि आत पाहिलं.

"बुटात," तो म्हणाला. "दोन्या, बुटात केलीय. काठोकाठ."

"दाखव." तिनं नाक आत घातलं. "खरंच रे. चांगली भरपूर आहे."

मित्रांनो, ते दोघं तो बूट मधे धरून हसत सुटले. ओस्वाल्दो हसता हसता रडला आणि रडता रडता त्यानं बूट एर्मेलिंदाच्या एप्रनवर सांडला. त्यातली थोडी शू माझ्याही वाट्याला आली. चाळीस वर्षांत मला देवळातलं पाणी लागलं, गुलाबपाणी लागलं, पण असं पावन मी कधी झाले नव्हते. फोनवर गिसेला म्हणाली, पेटी कपडे धुवायच्या मशीनशेजारी आहे ना, ती हलवा, आवाजाला भितो तो. संध्याकाळी आणून दाखवा तरी. दाखवला. ठीक होता.

त्या दिवशी एप्रन धुतला गेला आणि खिशात मी सापडले. एर्मेलिंदानं मला पिळून वाळवलं, इस्त्री केली, खुंटीकडे पाहिलं. आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बटणांच्या डब्याखाली ठेवलं.

मग महिने गेले. कुणी पोर घेऊन आलं की ती म्हणायची, हात दुखतो आताशा, दवाखान्यात दाखवून ये. नाताळ आला, तिनं शब्द कुणाला शिकवले नाहीत. मी अंधारात पडून स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकायची. ओस्वाल्दो रोज सकाळी माते नावाचा कडू चहा प्यायला यायचा, गोळ्यांचा हिशेब सांगायचा, पोलेंता दीड किलो उतरला म्हणायचा. मला बरं वाटायचं आणि वाईटही. खुंटीवरचे दिवस आठवायचे. आता इथेच विरून जायचं, असं मनाशी धरलं होतं मी.

पुढच्या थंडीत, एका दुपारी, कोळीवाड्यातली सेलिना बाजाराच्या पिशवीत काळा बोका घेऊन आली. आवाजावरून कळलं की धावत आलीय.

"दोन्या एर्मेलिंदा, याला एम्पाचो झालाय. तुमचा हात दुखतो ठाऊक आहे, पण एवढ्या एका वेळेला मापा. घरात पोरं रडताहेत."

पावलं टेबलाजवळ आली. ड्रॉवर उघडला. इतक्या महिन्यांनी उजेड. बटणांचा डबा बाजूला सरला आणि तिची बोटं माझ्यावर आली. मित्रांनो, काय सांगू, मला उचलावं असं मला किती वाटलं. आणि उचललं तर काय होईल, या भीतीनं मी गारही पडले.

बोटं तिथेच थांबली.

"सेलिना," एर्मेलिंदा म्हणाली, "यानं शू केली का?"

"पेटीत तर जातोय सकाळपासून सारखा."

"जातोय. केली का?"

"पेटी तर कोरडीच आहे," सेलिना हळूच म्हणाली.

ड्रॉवर बंद झाला. बाहेर एर्मेलिंदाचा आवाज आला, "ओस्वाल्दो, तो चहा ठेव खाली आणि गाडी काढ."

मग घर रिकामं झालं. मी बटणांच्या डब्याशेजारी अंधारात वाट बघत राहिले. किती वेळ ते फितीला कसं कळणार. लिंबाएवढं टणक असेल का, कान गार असतील का, सेलिनानं तेल पाजलं असेल का, पोट चोळलं असेल का, सगळं मनात येऊन गेलं. अखेर दार वाजलं. ओस्वाल्दो म्हणत होता, "गिसेला काय म्हणाली ऐकलंत ना? सकाळचं अडलेलं दुपारी आणलंत, रक्त अजून स्वच्छ आहे, हा वाचला."

"ऐकलं," एर्मेलिंदा म्हणाली. "तुझा चहा गार झाला. दुसरा टाकते."

मित्रांनो, मी हजार पोटांवर टेकले, कौतुकं ऐकली, कोंबडी मिळवली. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम कोणतं म्हणाल, तर त्या दुपारी मी ड्रॉवरमध्ये पडून राहिले, हे.

तुमच्या घरी मांजर असेल तर एवढं करा. त्याच्या पाण्याचं भांडं रोज विसळून भरा, त्याला ओलं खाऊ द्या, त्याची आवडती जागा उगाच हलवू नका. त्याची वाळू बघायची लाज बाळगू नका. आणि ते पेटीत जाऊन कुंथलं आणि कोरडंच परत आलं, तर कुणी मोठ्या माणसानं तेल काढलं, फीत काढली, उद्या बघू म्हटलं, तरी तुम्ही मधे बोला. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हतं. आधी विचारा, शू केली का?